पुठ्ठ्याच्या माडामागे

बिल्ल्याची पिन पुन्हा उलटी लागली होती. सुइ-हा अंधारात ती चाचपत राहिली. 'मी चिनी आहे' – जपानशी युद्ध पेटल्यापासून हे कोटावर मिरवल्याशिवाय लॉस अँजेलिसच्या रस्त्यावर पाऊल टाकायची सोय नव्हती. आणि समोर पडद्यावर तिचाच नवरा जपानी शिपाई होऊन पुठ्ठ्याच्या माडामागे दबा धरून बसला होता... माड हलला की मागचं आकाशही हलत होतं. तिला हसू आलं.

'नको जाऊस, फालतू सिनेमा आहे,' तिन-यौ म्हणाला होता. म्हणजे जायलाच हवं! त्यातून शेजारच्या क्वानबाईंनी काडी टाकलेली – "अगं, दिग्दर्शक म्हणतो, मरताना तुमच्या भाषेत काहीही ओरडा, इथे कुणाला कळतंय? आमच्या ह्यांनी 'भात करपला' म्हणत प्राण सोडला! तुझा काय ओरडतो ते तूच जाऊन ऐक. मी नाही सांगणार बाई."

क्वानबाईंच्या पोटात काही राहतंय म्हणजे नक्की कुणा बाईचं नाव असणार. कुणाचं? भाजीबाजारातली ती हसरी...? पण ज्या माणसाने कधी आवाज चढवला नाही, गावाकडे आई वारल्याचं कळलं तेव्हाही जो मुकाट्याने जेवला आणि झोपला – तो कुणासाठी ओरडेल? तिला ते नाव हवंच होतं.

विमान आलं, त्याची दोरीसुद्धा दिसली. गोळी सुटली. तिन-यौ छाती धरून उठला आणि ओरडला –

"आई, मी आलो गं!"

गावाकडे पोरं उंबऱ्यातून अशीच हाक देतात. मोठ्यांना हाक न देता घरात शिरायचं नसतं. इथे तो मुकाट येतो, बूट काढतो... तिला वाटायचं, स्वभावच घुमा.

थिएटरात टाळ्या पडल्या. "मेला एकदाचा!" शेजारची गोरी म्हातारी म्हणाली, आणि लाह्यांची पिशवी पुढे केली, "घे गं पोरी." सुइ-हाने घेतल्या. सवत असती तर कडाकडा भांडता तरी आलं असतं. ह्याच्याशी कसं भांडायचं? आणि इतकी वर्षं ती कुणाच्या शेजारी झोपत होती?

म्हातारी अजून काहीतरी बोलत होती. सुइ-हाचे ओठ मात्र आपोआप हलत होते, अशा हाकेला घरातून जे उत्तर जातं तेच पुटपुटत – "आलास? बस, भात वाढते..." – आणि हे आपण त्याची बायको म्हणून म्हणतोय की आणखी कुणी म्हणून, तिला कळेना.