ढिगासाठी विहिरीचं पाणी

आमच्या लेकीला, तारामतीला, पहिला मुलगा झाला ते दोन हजार सोळा साल. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्या गावाला टँकर. टँकरवाला म्हणायचा, "उदगीर जिल्हा होऊ द्या, मग नळच नळ!"

माझ्या बायकोच्या, धुरपताबाईच्या नावावर अर्धा एकर होता. तिथलं सोयाबीन दोन वर्षं पिवळं पडत होतं. मुळांवर गाठी दिसायच्या. सोयाबीनला गाठी चांगल्याच, म्हणून मी खूश असायचो. बचत गटाच्या शिबिरात तिला कळलं, या गाठी वेगळ्या. मातीत डोळ्यांना न दिसणारे बारीक सूत्रकृमी असतात, ते मुळात शिरून त्या करतात. त्यांना आवरणारे जिवाणू पुड्यात मिळाले. शेणखतात कालवून ते पेरणीपर्यंत सावलीत ओले ठेवायचे होते.

तिनं गोठ्यात ढीग करून वर पोतं टाकलं. मी टँकरची घागर ओतायला गेलो तर तिनं हात धरला.

"त्या पाण्यात पावडर हाय. जंतू मरावे म्हणून टाकतेत. हे बी जंतूच की."

"मग ह्यांला काय बाटलीचं पाणी आणू?"

"गुरुलिंगाच्या हिरीत हाय की."

"मला आंघोळीला न्हाई अन् शेणाला हिरीचं पाणी!"

"तुम्ही आंघोळीबिगर मरत न्हाई. लई सालं बघायलेय मी."

गुरुलिंगाचं शेत मैलभर लांब. ती रोज उजाडताच एक घागर आणायची. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी विहिरीचा तळ उघडा पडला होता. पाझर साचायची वाट बघत ती काठावर बसली.

"वहिनी, संध्याकाळी या," गुरुलिंग म्हणाला.

"तवर पोतं वाळंल, भाऊ."

भर दुपारी ती घागर घेऊन निघाली आणि बांधाजवळ पडली. गुरुलिंगानं पाहिलं, मला बोलावून घेतलं. जीपमधून उदगीरला नेलं. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले.

तिची माती उरकून आल्यावर मी गोठ्यात गेलो. पोतं कडक झालं होतं, पण खालचं खत हाताला ओलसर लागलं. पाऊस पडेपर्यंत विहिरीचं पाणी मग मीच आणलं. पेरणीआधी खत तिच्या तुकड्यात पसरलं. त्या साली सोयाबीन हिरवं राहिलं. एक झाड उपटून बघितलं. तसल्या गाठी होत्या, पण थोड्या. झाड हातात घेऊन मी बांधावर बराच वेळ बसलो. दाखवायला घरी कोणी नव्हतं.

धुरपताबाई बावीस मे दोन हजार सोळाला, रविवारी संध्याकाळी, उदगीरच्या दवाखान्यात वारली.