बांधीतलं ऊन

दुर्गेश्वरीच्या गळ्यावरचा डाग तिच्यापेक्षा तिच्या आईला, शामकलालाच, जास्त टोचायचा. नागपूरला थायरॉईडची गाठ काढली, ती साधी निघाली, तेव्हा घरानं देवाचे आभार मानले. टाके सुकले आणि आभार मागे पडले. गळ्यावर आडवी, करंगळीएवढी जाड, काळपट वळकटी उठली होती. दुर्गेश्वरी खुशाल तशीच बाजारात निघायची आणि शामकला ओढणी घेऊन हाका मारत तिच्यामागे फाटकापर्यंत जायची.

त्यात आमगावकडचं स्थळ आलं. आपल्याच पोवार जातीतलं घर, मुलगा भिलाईला नोकरीवर. गणपतीत तो सुट्टीवर येणार आणि तेव्हाच मंडळी मुलगी पाहायला येणार असं ठरलं. त्या दिवसापासून शामकलाचा जीव टांगणीला लागला. गोंदियात लेझरनं असे डाग सपाट करतात हे तिच्या कानावर आलं, तेव्हा तिनं नवऱ्याचा, नंदलालचा, असा पिच्छा पुरवला की तो हो म्हणून मोकळा झाला.

गोंदियातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि बोलायला सरळ. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, की डाग पुसला जाणार नाही. मऊ होईल आणि रंग जुळत येईल. सावळ्या कातडीत रंग जास्त असतो आणि तो रंगच लेझरची उष्णता ओढून घेतो, म्हणून आच कमी ठेवायची आणि दोन वेळांमध्ये भरपूर दिवस जाऊ द्यायचे. त्यांची अट एकच होती. उन्हानं रापलेल्या कातडीवर लेझर मारायचं नाही. ऊन लागलं असेल तर तसं सांगा, आपण महिनाभर थांबू, मी रागावणार नाही, असंही त्या म्हणाल्या. शामकलानं मान डोलावली. मान डोलावण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

उन्हाळ्यात दोनदा लेझर झालं. शामकलानं मुलीला अंगणातसुद्धा उतरू दिलं नाही. वळकटी खरंच बसली, आणि दुर्गेश्वरीही, कुणी पाहत नाही असं बघून, आरशासमोर गळ्यावरून बोट फिरवायला लागली. तिसरी वेळ पोळ्याआधीची ठरली.

मग रोवणे, म्हणजे भाताच्या लावणीचे दिवस, आले. पावसानं ओढ दिल्यानं परे, म्हणजे लावायची रोपं, वाफ्यातच पिवळे पडायला लागले होते. पाणी आलं, तशी सगळ्या गावाला एकदमच घाई झाली. गावाची रीत अशी, की रोवणाऱ्या बायकांबरोबर घरातली एक तरी बाई चिखलात उतरलीच पाहिजे. मालकीण बांधावर छत्री धरून उभी राहिली, तर दुसऱ्या दिवशी बायका दुसऱ्याच्या बांधीत, भाताच्या खाचरात, दिसतात. शामकला दरवर्षी उतरायची. यंदा नेमका तिचा पाय मुरगळला. रोवणाऱ्या बायकांची म्होरकी सुशिलाबाई दारात येऊन उभी राहिली आणि घरचं कोण येणार, एवढंच विचारून गेली. शामकलानं मुलीकडे पाहिलं.

आभाळ उघडलं होतं, ऊन चांगलंच तापत होतं, पण शामकलाचं म्हणणं असं, की रोवताना माणूस वाकलेलं असतं. ऊन पाठीवर पडतं, गळा खाली चिखलाकडे. डोक्याला आणि पाठीला ओढणी बांधली की झालं. जन्म चिखलात गेलेल्या बाईनं असं म्हणावं याला काय म्हणायचं! बांधीत पाणी असतं आणि ते पाणी दिवसभर ऊन वर फेकत असतं. रोवण्याच्या दिवसांत बायकांच्या हनुवट्या खालून रापतात, हे तिनं दरवर्षी पाहिलं होतं. तिला तेव्हा ते आठवून घ्यायचं नव्हतं.

रोवणे संपले त्या संध्याकाळी दुर्गेश्वरी तोंड धुवायला बसली. तिनं मान वर केली तेव्हा शामकलानं पाहिलं. गळा जांभळासारखा झाला होता. लेझरची तारीख त्याच आठवड्यात होती. खरं सांगावं तर महिना पुढे जाणार, आणि तोवर गणपती येऊन जाणार. शामकलानं तारीख तशीच राहू दिली.

डॉक्टरबाईंनी विचारलं, उन्हात गेली होती का? दुर्गेश्वरीनं आईकडे पाहिलं.

"नाही जी. घरातच होती," शामकला म्हणाली.

गळा जरा गडद वाटतो, असं म्हणून डॉक्टरबाईंनी दिवा जवळ घेतला. तेव्हा शामकलानं हसून सांगितलं की आमच्या घरचा रंगच असा. लेझर चालू असताना दुर्गेश्वरीनं आईचा हात घट्ट दाबला. आधीच्या दोन्ही वेळी तिनं तो नुसता धरला होता.

दोन दिवसांत फोड आले. फोड बसले तसे त्यांच्या जागी काळे ठिपके उरले, ओळीनं, वळकटीच्या वर आणि खाली. आता ओढणीही पुरत नव्हती. शामकला मलम लावायची तेव्हा दुर्गेश्वरी फक्त "हळू" म्हणायची. दोष दिला असता तर बरं झालं असतं. आपल्या हातानं आपण पोरीचा गळा भाजला, हे शामकलाला चुलीपुढे बसलं तरी आठवायचं.

नंदलालचं डोकं फिरलं. डॉक्टरिणीला सोडत नाही म्हणाला, पेपरात छापतो म्हणाला, आणि पेपरवाल्यांशी ओळख असलेल्या भैयाजीला आणि मायलेकींना सोबत घेऊनच गोंदियाला निघाला. बसमध्ये शामकलानं सांगायचं म्हणून तीनतीनदा तोंड उघडलं आणि पाणी मागितलं.

दवाखान्यात भैयाजी बाहेर बसला. डॉक्टरबाईंनी गळा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. मागच्याच आचेवर मारलं होतं, तरी असं झालं, म्हणजे अंदाज आपलाच चुकला असणार, असं त्या म्हणाल्या. नंदलालनं त्यांना वाट्टेल ते सुनावलं. आमच्या पोरीवर शिकून राहिल्या का, असंही विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग दुर्गेश्वरीकडे वळून म्हणाल्या, "इतकी कमी आचही तुझ्या कातडीला सोसत नसेल, तर मला तुझ्यावर पुन्हा कधीच लेझर करता येणार नाही. डाग आहे तिथेच थांबवावा लागेल. मला माफ कर."

दुर्गेश्वरीची मान खाली गेली. आरशासमोर फिरणारं तिचं बोट शामकलाला आठवलं.

"पोरगी रोवण्यात होती जी," शामकला म्हणाली. "ऊन लागलं होतं. म्याच खोटं सांगितलं."

नंदलाल तिच्याकडे पाहतच राहिला. मग उठला, बाहेर गेला आणि भैयाजीला घरी जा म्हणाला. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी शब्द दिला होता तसा पाळला, आणि शामकलाला तेच जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, की मग कातडी वाईट नाही. होळीपर्यंत ठिपके फिके होतील, मग पुन्हा लेझरचं बघू. गणपतीपर्यंत मात्र काही होणार नाही.

बस स्टँडवर नंदलाल दूर जाऊन उभा राहिला. शामकला मुलीजवळ सरकली. सांगून टाकलं म्या, असं म्हणाली, जरा हलक्या झालेल्या आवाजात.

"आज सांगितलं," दुर्गेश्वरी म्हणाली. "तवा मी तुझ्याकडे पाहिलं होतं, आई."

दुर्गेश्वरीनं गळ्याभोवतीची ओढणी सोडली, घडी केली आणि आईच्या हातात दिली.

"पाहुणे आले का मी अशीच बसणार हाव. गळा कायनं जळला ते त्याईले बी तूच सांगजो."

"सांगीन," शामकला म्हणाली.

दुर्गेश्वरीनं या वेळी तिच्याकडे पाहिलं नाही.