फेर्मीनची खुर्ची

बेसबॉलचा हंगाम तोंडावर आला की तिबुर्सिओ मार्कानोच्या घरात आचारसंहिता लागू होई. निळा शर्ट धुवायचा नाही. टीव्हीवर टांगलेली जपमाळ हलवायची नाही. सामना चालू असताना बसल्या जागेवरून उठायचं नाही, मग घराला आग का लागेना. हा माणूस फ्रिज दुरुस्त करायचा आणि एरवी चांगला डोळस होता. गॅस नेमका कुठून गळतोय हे बघितल्याशिवाय तो कुठल्या स्क्रूला हात लावत नसे. पण बगळ्यांचा विषय निघाला की त्याची अक्कल गहाण पडायची.

बगळे म्हणजे पुएर्तो मांग्लेचा संघ. बरीच वर्षं तळाशी मुक्काम ठोकून बसलेला. "खरा बगळा निदान एका पायावर तरी उभा राहतो, आपल्यांना दोन्ही पायांवर धड उभं राहता येत नाही," असं गावातली माणसंच म्हणत. बाहेरचा कुणी म्हणाला तर मात्र हातापायी ठरलेली.

हंगामाचा पहिला सामना रविवारी दुपारी होता. सकाळी तिबुर्सिओ अंगणात एक कॉम्प्रेसर उघडून बसला होता आणि बायकोला भविष्य ऐकवत होता.

"यंदाही नाक कापलं जाणार बघ. पोरगा होता एक धड, तो गेला काराकासला. पिचरचा खांदा म्हणे बरा झालाय. बरा म्हणजे काय, तर आता आरेपाची भाकरी स्वतःच्या हातानं खातो! आणि डावीकडे झेलायला पुन्हा तोच, लोणी लावलेल्या हातांचा."

"मग बघतोस कशाला?" ओमाइरा म्हणाली.

"मी नाही बघितलं तर त्यांचं कसं होईल?"

ओमाइरा हसली. तिबुर्सिओ हसला नाही. त्यानं स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ती जाणार ना?"

आत कढईत तळण्याचा आवाज चालू होता. त्यातूनच उत्तर आलं, "जाते, भावजी. एवढा घाणा निघाला की जाते."

ती बेनिल्दे. तिबुर्सिओच्या धाकट्या भावाची, फेर्मीनची विधवा. फेर्मीन गेल्यापासून ती याच घरात मागच्या खोलीत राहत होती. सामन्याच्या दिवशी ती माशांचं सारण भरून करंजीसारख्या एम्पानादा तळायची, लिंबू पिळून गुळाचं पाणी करायची, सगळं झाकून ठेवायची आणि मागच्या दारानं निघून जायची. सामना संपून लोक पांगले की परत यायची. तिच्या हातच्या एम्पानादा सगळ्यांना चालत. ती चालत नसे. कारण ती पावोसा होती.

पावोसा म्हणजे पांढऱ्या पायाची. जिच्या येण्यानं होणारं काम बिघडतं अशी. त्या किनाऱ्यावर हा शब्द एकदा का कुणाला चिकटला, की लोक त्या माणसाचं नाव घेत नाहीत. तो समोर आला तर लाकडाला हात लावतात आणि 'सापे!' म्हणतात, मांजराला हाकलताना म्हणतात तसं. बेनिल्देला हा शब्द कुणी परक्यानं चिकटवला नव्हता. तो तिबुर्सिओच्या तोंडून निघाला होता.

बगळे एकदाच उपांत्य फेरीच्या दारात पोचले होते, त्या दुपारची गोष्ट. शेवटचा चेंडू उंच गेला होता. झेल घेतला की जिंकलो! इतक्यात दार उघडलं, बेनिल्दे आत आली आणि तिकडे झेल सुटला. "पावोसा!" तिबुर्सिओ घसा फाटेस्तोवर ओरडला. खोलीभर माणसांनी ते ऐकलं. मग बेनिल्देनं ज्यासाठी ती आली होती ते सांगितलं. "फेर्मीन गेला, भावजी. आत्ताच गेला."

पुढे अंत्यविधी झाला, रडारड झाली, सगळं रीतसर झालं. तो शब्द मागे घ्यायचा मात्र राहून गेला. आणि तेव्हापासून बैठकीत टीव्हीसमोर फेर्मीनची खुर्ची रिकामी ठेवलेली असे, तिच्यावर त्याची निळी टोपी. सामन्याच्या वेळी कितीही गर्दी झाली तरी तिथं कुणी बसत नसे. तिबुर्सिओला वाटे, फेर्मीन येऊन बसतो. कधी वेताची खुर्ची आपोआप करकरे आणि त्याच्या अंगावर काटा उभा राही. चेंडू हवेत उंच गेला की दर वेळी त्याला स्वतःचीच ती 'पावोसा!' अशी किंकाळी ऐकू येई. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

दहाच्या सुमारास शेजारचे पोलिकार्पोकाका लिंबं घेऊन आले. काकांची उभी हयात अंपायरगिरीत गेली होती. गावानं त्यांना दिल्या नाहीत अशा शिव्या स्पॅनिश भाषेत शिल्लक नव्हत्या. त्यांनी मागच्या दारानं निघालेली बेनिल्दे बघितली, हातातली पिशवी खाली ठेवली आणि सरळच विचारलं, "यंदाही हाकललंस तिला?"

"हाकललं नाही. ती आपणहून जाते."

"आपणहून! वा रे वा."

"काका, पावा असते. पांढऱ्या पायाची बाधा. सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे."

"असेल की! मला नाही लागली? बगळे हरले की मी आंधळा, मी चोर, माझ्या आईचाही उद्धार. जिंकले की पोलिकार्पो कोण, कुणाला आठवायचंही नाही. अरे, हरलेल्या माणसाला थुंकायला कुणाचं तरी तोंड लागतं. मी माझं तोंड पुसून घरी जायचो, माझ्या घरी मला भाकरी मिळायची. ही पोर कुठे जाईल? तिचं घर तर हेच."

"तिनं दार उघडलं आणि झेल सुटला. या डोळ्यांनी बघितलंय मी."

"आणि दार कशाला उघडलं होतं तिनं?"

तिबुर्सिओ पाना फिरवत राहिला. नट केव्हाच घट्ट झाला होता.

"त्या दुपारी हॉस्पिटलात बसायची पाळी कुणाची होती, तिबुर्सिओ?" काकांनी हळूच विचारलं.

"लिंबं ठेवा आणि जा तुम्ही!"

काका गेले नाहीत. ते ओट्यावरच बसून राहिले.

दुपारी बैठक भरली, काकाही आत येऊन बसले. एवेलिओ आला. त्याच्या मुलाचा तिबुर्सिओ धर्मपिता, त्यामुळे दोघं एकमेकांना 'कम्पाद्रे' म्हणत. आल्या आल्या त्यानं खाली आवाजात विचारलं, "ती गेली ना?" आणि खात्री झाल्यावर दोन एम्पानादा उचलल्या. सामना सुरू झाला. आणि काय आश्चर्य! पिचरचा खांदा खरंच बरा झाला होता. ऊन उतरेपर्यंत बगळे एका धावेनं पुढे होते. तिबुर्सिओ खुर्चीच्या काठावर, हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

शेवटचा डाव सुरू झाला आणि लाईट गेले.

एकाच वेळी सगळ्या गल्लीतून शिवी उठली. पंखा थांबला, पडदा काळा झाला. फोनला रेंज नव्हती. सांज झाली होती आणि खोलीत सगळ्यांच्या आकृत्याच तेवढ्या उरल्या. कुणी उठेना. उठायचं नसतं ना! त्या अंधारात फेर्मीनची खुर्ची करकरली.

आणि मग घरामागून, किनाऱ्याकडून एका बाईचा आवाज आला. "फेर्मीन, अरे एक जण बाद झाला. ऐकतोयस ना? आता दोनच राहिले."

ओमाइरानं छातीवर क्रूस काढला. एवेलिओ खुर्चीच्या लाकडाला धरून बसला. तिबुर्सिओच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्या आवाजामागे खरखरत चाललेलं समालोचन त्याच्या कानांनी ओळखलं. तो फेर्मीनचा जुना ट्रान्झिस्टर होता.

"तिच्याकडे रेडिओ आहे," एवेलिओ म्हणाला. "कम्पाद्रे, जा, रेडिओ घेऊन ये. तिला राहू दे तिकडेच."

तिबुर्सिओ उठला. सामना चालू असताना तो आयुष्यात पहिल्यांदा उठला होता. मागे वाळूवर फेर्मीनची होडी पालथी पडलेली होती. तिच्या आडोशाला बेनिल्दे मांडीवर रेडिओ घेऊन बसली होती आणि होडीच्या फळीवर हात ठेवून बोलत होती. समालोचकाचा आवाज चढला. चेंडू उंच गेला होता. त्याबरोबर बेनिल्देनं रेडिओ अंगावरच्या शालीत गुंडाळला, पोटाशी घट्ट दाबला आणि डोळे मिटून घेतले. गलका थांबला तेव्हाच तिनं तो बाहेर काढला.

"हे काय करतेस?" तिबुर्सिओनं विचारलं.

ती दचकून उभी राहिली. "मी लांबच आहे, भावजी! आवाजही बारीक ठेवते. आणि चेंडू वर गेला की ऐकतच नाही. माझा कान लागला की झेल सुटायचा."

"दर सामन्याला असं करतेस?"

"हो. फेर्मीनला सांगायला तर हवं ना कुणीतरी." मग ती होडीकडे बघून म्हणाली, "त्यालाही माझीच पावा लागली, भावजी. त्या दिवशी नर्स सारखी सांगत होती, बाई, घटकाभर बाहेर जा, डोळा लावा. मी हट्टानं त्याच्या उशाशी बसले. बाहेर गेले असते तर वाचला असता."

 आपण फक्त सामन्यापुरतं तिला बाहेर काढतो, असं तिबुर्सिओ आजवर समजत होता. आणि ही एवढी वर्षं नवऱ्याच्या मरणाचं खापर स्वतःच्या डोक्यावर घेऊन, त्याच घरात आपल्याला जेवायला वाढत होती! एक शब्द होता तो. त्याच्याच तोंडचा.

"बेनिल्दे," तो म्हणाला. "त्या दुपारी मी यायचा होतो. तुला सोडवायला. फेर्मीननं निरोप धाडला होता, दादाला पाठव म्हणून. मी आलो नाही. बगळे पुढे होते. वाटलं, खुर्चीवरून उठलो तर हरतील. माझा भाऊ तिकडे मरत होता आणि मी हात दाबून बसलो होतो. तू पावोसा नाहीस ग. मला माझं तोंड लपवायचं होतं, म्हणून मी तुझ्या तोंडाला काळं फासलं."

बेनिल्दे रडली नाही. तिनं रेडिओ बारीक केला. मग म्हणाली, "तो शेवटपर्यंत दाराकडे बघत होता, भावजी."

याच्याहून मोठी शिक्षा तिबुर्सिओला कुणी देऊ शकलं नसतं. त्यानं मान खाली घालून ती घेतली. मग म्हणाला, "चल घरात."

दोघं बैठकीत आले तशी एवेलिओनं टेबलावर टकटक केली. "सापे! कम्पाद्रे, डोकं फिरलंय का? एका धावेनं पुढे आहोत आपण! मी रेडिओ म्हटलं होतं!"

"रेडिओ तिच्या नवऱ्याचा आहे," तिबुर्सिओ म्हणाला. "आणि खुर्चीही."

त्यानं वेताच्या खुर्चीवरची टोपी उचलली, झटकली आणि बेनिल्देच्या हातात दिली. ती उंबऱ्यातच घुटमळली. पोलिकार्पोकाकांनी सरकून वाट करून दिली. ती बसली. खुर्ची करकरली, जशी कुणीही बसल्यावर करकरते.

रेडिओ खरखरत होता. समोरच्या संघाचे दोघं पळायच्या तयारीत उभे होते आणि बाद करायचा शेवटचा एक गडी उरला होता. टोला बसला. चेंडू डावीकडे, उंच! बेनिल्देचा हात रेडिओ झाकायला गेला. तिबुर्सिओनं तो वरच्यावर धरला.

"ऐक," तो म्हणाला. "आमच्याबरोबर ऐक."

झेल सुटला! पळणारे दोघंही 'होम'वर पोचले, दोन धावा झाल्या आणि बगळे हरले.

खोलीतली सगळी तोंडं एकदम तिच्याकडे वळली. बेनिल्दे पांढरीफटक पडली. एवेलिओ उभा राहिला. "बघ! मी सांगत होतो! सांगत होतो की नाही?"

"काय सांगत होतास?" तिबुर्सिओ गरजला. "अरे, त्या डावीकडच्याला झेल घेता येत नाही! आजही येत नाही, तेव्हाही येत नव्हता! आपला संघ वाईट खेळतो, एवेलिओ! बस्स! एवढंच आहे हे! वाईट खेळतो म्हणून हरतो!"

हे वाक्य त्या घरात यापूर्वी कुणी उच्चारलं नव्हतं.  मग पोलिकार्पोकाका खो खो हसायला लागले. "उभ्या जन्मात पहिल्यांदा!" ते डोळे पुसत म्हणाले. "बगळे हरले आणि दोष बगळ्यांचा!" ओमाइरालाही हसू फुटलं. एवेलिओ पाय आपटत निघून गेला. जाताना ताटलीतली एम्पानादा मात्र तो विसरला नाही.

वाचकहो, संघ कुठलाही असो, घर कुठलंही असो. आपलं काही बिघडलं की आपण दोष ठेवायला माणूस शोधतो आणि तो बहुधा घरातला सगळ्यात दुबळा माणूस असतो. आपण बोललेला शब्द विसरून जातो. ज्याला तो लागतो तो मात्र हळूहळू तो खरा मानू लागतो. कुणाच्याही पायानं चेंडू सुटत नाही आणि कुणाच्याही नजरेनं माणूस मरत नाही, हे आपल्याला चांगलं ठाऊक असतं. तेव्हा असा एखादा शब्द आपण कुणाला चिकटवला असेल तर तो आपणच, चारचौघांत, मोठ्यानं परत घेतला पाहिजे. त्याला उशीर झाला असला तरीही.

मंगळवारी दुसरा सामना होता. एवेलिओ आला नाही, आणखी दोघं आले नाहीत. तिबुर्सिओचा निळा शर्ट धुऊन दोरीवर वाळत होता. पाचव्या डावात डावीकडे चेंडू उंच गेला आणि तिबुर्सिओच्या कानात ती जुनी किंकाळी उठली. ती यापुढेही उठणार होती. त्यानं शेजारी बघितलं. बेनिल्दे फेर्मीनची टोपी मागे सारून, डोळे उघडे ठेवून पडद्याकडे बघत होती. झेल सुटला.

"अरे मेल्या, हात आहेत की पळ्या!" ती जोरात ओरडली.