साळूबाईचं एकोणिसावं पत्र

तात्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधलाच भाग गेला. कडेचं दिसत राहील, मधलं आता परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे दारात कुणी उभं राहिलं तर दाराची चौकट दिसते, माणसाचे पाय दिसतात, तोंड दिसत नाही.

नरहरीतात्या माझे चुलते. वय एकोणऐंशी. पौडच्या पुढं, माले गावात एकटेच राहतात. साळूकाकीला जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. आजूबाजूची भातखाचरं विकली गेली आणि तिथं पुण्याच्या लोकांचे बंगले झाले. ते शनिवारी उघडतात, रविवारी संध्याकाळी बंद होतात. एरवी तात्यांनी अंगणातून हाक मारली तर ऐकायला फक्त उज्वला. ती वरच्या अंगाला शेळ्या राखते आणि सकाळी तात्यांना दूध न् दोन भाकरी आणून देते.

मी बँकेत आहे. दोन वर्षांपूर्वी माझी गुवाहाटीला बदली झाली. लग्न केलं नाही, त्यामुळे बदलीच्या यादीत माझं नाव घालताना कुणाला फार विचार करावा लागत नाही.

तात्या पठाणकोटला लष्कराच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. वाचनाचा नाद त्यांना तिथंच लागला. डोळे गेल्यावर ते फोनवर कमी बोलायला लागले. काय करताय विचारलं की म्हणायचे, "बसलोय." म्हणून मी त्यांना ई-रीडर पाठवला. त्यावर अक्षर इतकं मोठं करता येतं की एका पानावर सात-आठच शब्द मावतात. मान वाकडी करून, कडेच्या नजरेनं त्यांना ते वाचता येईल असा माझा अंदाज होता. नेट उज्वलाच्या फोनवरून जोडायचं आणि पुस्तकं मी इकडून धाडायची, असं ठरलं.

पहिले पंधरा दिवस मी रोज सकाळी बँकेत जाण्याआधी फोनवर तेच सांगत होते.

"तात्या, उजव्या कडेला बोट टेकवा."

"टेकवलं."

"पान उलटलं?"

"इंग्रजी आलंय काय तरी."

"वरच्या बाजूला लागलं असेल. थोडं खाली टेकवा."

"शुभे, ह्या पाटीला दांडी तरी बसवायची हुती. येक वडली की पान उलटंल."

ई-रीडरला ते पाटीच म्हणायचे. महिन्याभरात त्यांनी एक कादंबरी संपवली. पाटी माझ्या खात्यावर असल्यामुळे ते कुठल्या पानावर आहेत ते मला इकडे फोनवर दिसायचं. दुसरी कादंबरी मात्र अकराव्या पानावर अडकली ती अडकलीच.

"आवडली नाही का?"

"चांगली असंल. पर ही सगळी दुसऱ्याची माणसं हायेत." मग म्हणाले, "माझ्याकडं काकीची पत्रं हायेत. ती घालता येतील ह्यात?"

काकी चौथी शिकलेली. तात्या पठाणकोटला असताना तिनं त्यांना स्वतःच्या हातानं पत्रं लिहिली होती. अंतर्देशीय, पेन्सिलीनं. एकंदर एक्केचाळीस, तारखेनं लावून पट्टीनं बांधलेली. उज्वलानं फोनवर एकेकाचा फोटो काढून पाठवला. ते फोटो तसेच पाटीवर घातले तर करड्या पडद्यावर करडी अक्षरं, काहीच लागेना. टाइप करण्यावाचून इलाज नव्हता.

"उज्वलाकडून वाचून घेता का तोवर?" मी विचारलं.

"बायकोची पत्रं दुसऱ्याच्या तोंडनं ऐकायची व्हय?"

मग मी रविवारी दुपारी टाइप करायला बसू लागले. हिवाळ्यात गुवाहाटीत साडेचारलाच अंधारून येतं. त्याच्या आत दोन-तीन पत्रं व्हायची. काकी मला आठवते ती मुकाट काम करणारी. पत्रांत मात्र ती बोलत होती. म्हैस कुणी बांधावरून हाकलली, सासूबाई काय म्हणाल्या, राजू बोबडं कसं बोलतो. राजू त्यांचा मुलगा. तो लहानपणीच गेला एवढंच मला ठाऊक होतं, घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. टाइप करताना मी काकीचं शुद्धलेखन सुधारत गेले. पूर्णविराम घातले. ‘म्हणत्यात’चं ‘म्हणतात’ केलं. कुणी सांगितलं नव्हतं. बँकेत रोज पत्रं दुरुस्त करायची सवय, हात तसाच चालला.

एकोणिसावं पत्र एकोणऐंशी सालच्या श्रावणातलं होतं. वर सवयीनं ‘इकडील सर्व खुशाल’ असं लिहून ते खोडलं होतं. खाली लिहिलं होतं:

‘आपला राजू शुक्रवारी गेला घटसर्प झाला भावजी आनी गेणबानी डोलीत घालून पौडला न्हेला पन वाटंतच गेला. तुमी आला असता तरी तो ऱ्हायला नसता असं समदी म्हणत्यात मला तसं वाटत न्हाई. तुमी असता तर आठ दिस घरात ठिवला नसता. मला एकलीला काय उमजना’

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मालेच्या त्या घरात एकटा म्हातारा मान वाकडी करून सात-सात शब्द वाचत येणार आणि इथं येऊन आपटणार. मी टाइप केलं: ‘तुम्ही आला असता तरी तो राहिला नसता असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटतं.’ पुढची दोन वाक्यं घातलीच नाहीत. पत्र पाठवून दिलं, आणि आपण काहीतरी चांगलं केलं असं मला वाटलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. फोन ते सहसा करत नाहीत. उज्वलानं लावून दिला होता.

"शुभे, एकोणीस नंबरचं पत्र तू पुरं घातलं न्हाईस."

"घातलंय की तात्या."

"न्हाई. तसं वाटत न्हाई, असं लिव्हलं हुतं तिनं. आन् खाली अजून दोन वळी हुत्या."

मी उज्वलानं पाठवलेला त्या पत्राचा फोटो उघडला.

"बाकीच्या पत्रांत सुदिक तू तिची भाषा बदललीस. ती कवा ‘म्हणतात’ म्हणत न्हवती. पर ते मी चालवून घेतलं. म्हणलं, शिकलेली पोर हाय, हात वळत नसंल."

"तुम्ही एकटे असता तात्या. वाचून त्रास होईल असं वाटलं मला."

"एकला हाय म्हणूनच तर मागितली ना पत्रं." आवाज चढलेला नव्हता. "मला ते पाठ हाय. मग वाचायचं कशाला, म्हणशील. पाठ हाय ते माझ्या आवाजात हाय. वाचताना तिच्या आवाजात येतंय. हितं आल्यावर ती बोलायचीच थांबली. मला वाटलं, पाटीच बिघडली."

त्या दिवशी मी रजा टाकली आणि पहिल्या पत्रापासून सगळी पुन्हा बसवली. चुका तशाच, पूर्णविराम नाहीत. खोडलेलं ‘इकडील सर्व खुशाल’सुद्धा मधून रेघ मारून घातलं. संध्याकाळी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तात्या एकोणिसाव्या पत्रावर होते. त्याच्या पुढच्या दिवशीही तिथंच.

तोवर मी विसावं घेतलं. ते दीड महिन्यानंतरचं होतं. त्यात भाताचं, पावसाचं होतं, आणि मधेच हे: ‘भावजींची शुभा रांगाय लागली माज्या पायापाशी येती. मी तिला घेत न्हाई. घ्यावं वाटतंय पन हात उचलत न्हाई’

मी तेव्हा वर्षाचीही नसेन. खुर्चीतून उठले, चहा ठेवला, तो न पिताच परत येऊन बसले. या ओळी नाही घातल्या तरी तात्यांना कळणार होतं. पण फक्त म्हणून घातल्या असं नाही. मला त्या तिथं असायला हव्या होत्या. काकी माझ्याविषयी बोलली त्यातलं एवढंच माझ्याकडे आहे.

रविवारी मी फोन केला. उज्वला दूध देऊन गेलेली, तात्या ओट्यावर बसलेले. शेजारच्या बंगल्यात कुणीतरी मोठ्यानं गाणी लावली होती, ती फोनमधून ऐकू येत होती.

"विसावं वाचलं," ते म्हणाले. "तुझं हाय त्यात."

"हो."

"बदललं न्हाईस."

"नाही."

"पुढं घ्यायला लागली ती तुला. मी सुट्टीवर आलो तवा तू तिच्याच मांडीवर हुतीस." मग म्हणाले, "त्या एकोणीसला मी उत्तर धाडलं न्हवतं. मनिऑर्डर धाडली. कुपनावर लिव्हायला जागा असती, तितं सुदिक काय लिव्हलं न्हाई. तिनं पुढं कवा विचारलं न्हाई, आन् मीबी सांगितलं न्हाई. आता लिव्ह म्हटलं तर लिव्हशील?"

मी लॅपटॉप ओढला. "सांगा."

"सौ. साळूबाईस." मी एवढंच टाइप करून वाट पाहत राहिले. "पोरगं आजारी हाय अशी तार आली तवा रजा मिळत हुती. वाटलं, पोरं तापत्यात, बरी व्हत्यात. दिवाळीला लागंल म्हणून ठिवली."

"अजून?"

"आन् तू लिव्हलंस ते खरं हाय."

फोन कानाला लावूनच बसलेले असणार, कारण त्यांचा श्वास ऐकू येत होता. काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं. इतक्या लांबून खांद्यावर हात ठेवता येत नाही आणि ठेवल्यासारखं बोलताही येत नाही.

"बास," ते म्हणाले. "तिच्या पत्राच्या मागनं घाल हे. इसाच्या आधी."

"खाली नाव?"

"नको. तिला कळंल."

तसंच घातलं. त्यांच्या अक्षराच्या मापात ते उत्तर चार पानांचं झालं. बुधवारी ते त्यातल्या शेवटच्या पानावर पोचलेले दिसले. गुरुवारी तिथंच. शुक्रवारी मी बँकेतून उज्वलाला फोन केला. ती म्हणाली, "जेवल्यात. ओट्याव बसल्यात पाटी घिऊन. म्या काय इचारलं न्हाई."

शनिवारी सकाळी पान पुढं सरकलं होतं. ते एकविसावं पत्र वाचत होते. बाविसावं मी अजून टाइप केलं नव्हतं.