आत माणसे, बाहेर कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे. हो, साधे कुलूपच. नाक मुरडू नका. तुमच्याकडे आता बटणे दाबून उघडणारी दारे आली असतील, पण मित्रांनो, माझ्यासारखे सात लिव्हरचे, मुठीत न मावणारे कुलूप हल्ली कोणी करत नाही. सध्या मी एका भाड्याच्या खोलीत दारामागच्या खिळ्याला टांगलेला आहे. काम काही नाही, म्हणून बोलतो. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. भट्टीची धग, कानशीचा करकराट आणि तेलाचा वास, हेच माझे बालपण. मला घडवणारा म्हातारा कारागीर मोठा हट्टी होता. किल्ली फिरवून तो मला कानाशी धरायचा आणि आवाज पसंत पडला नाही की पुन्हा खोलायचा. "कुलूप असं हवं, की चोरानं लांबूनच हात जोडावेत," असे म्हणून त्याने माझ्या गळ्यात दोन किल्ल्या बांधल्या आणि मला दुकानात धाडले.

मला विकत घेतले ते काच कारखान्यातल्या एका फोरमनने. त्याच दिवशी त्याच्या हाती नव्या घराचा ताबा आला होता. खाली दोन खोल्या, वर एक, मागे कपडे वाळत घालण्यापुरते अंगण. बँकेचे कर्ज काढून घेतलेले घर, पण तोरा असा की जणू राजवाडा! "बाबा, हे कुलूप माझ्या डोक्याएवढं आहे," असे त्याची मुलगी म्हणाली आणि सगळे हसले. त्याची बायको घरीच लोकांचे कपडे शिवून द्यायची. ती दर आठवड्याला मला तेल घालून फडक्याने पुसायची. माझी एक किल्ली तिच्या पर्समध्ये असायची. दुसरी शेजारच्या कंपाउंडर काकांकडे, अडीअडचणीला म्हणून.

ती वर्षे सुखाची होती. सगळे कुठे बाहेर निघाले की मला लावत, परतले की मला काढत. ज्याचे काम त्याने करावे, एवढेच तर कुलपाला हवे असते.

मग काच कारखाना बंद पडला. फोरमनची नोकरी गेली. बरे, एकट्याची गेली असती तर निभावले असते; निम्म्या वस्तीची गेली. जो तो घर विकायला निघाला आणि घेणारा कोणी उरला नाही. घरांचे भाव असे कोसळले, की आमचे घर विकले असते तरी बँकेचे कर्ज फिटले नसते. हे नीट समजून घ्या, मित्रांनो. ठेवावे तर हप्ता झेपत नाही आणि विकावे तर डोक्यावर छप्पर नाही, कर्ज मात्र तसेच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

हप्ते थकले. फोन वाजू लागले, तसा फोरमनने फोन बंद केला. मग बँकेच्या बाई स्वतः स्कूटरवरून येणार असे कळले आणि त्याची पाचावर धारण बसली. बँकेचा माणूस दारात आला म्हणजे घर गेलेच, असे त्याच्या डोक्यात पक्के बसले होते. त्याने काकांना गाठले.

"काका, रोज सकाळी आम्हाला आत ठेवून बाहेरून कुलूप लावा. संध्याकाळी काढा. कुणी विचारलं तर गावाला गेलेत म्हणायचं."

"अरे, पण असं किती दिवस?"

"कामाचं काही जुळेपर्यंत. झाकली मूठ सव्वा लाखाची, काका!"

काका भिडस्त माणूस. हो म्हणाले. आणि चोरासाठी घडवलेला मी, घरच्याच माणसांना कोंडू लागलो. फोरमन आणि मुलगी मागच्या भिंतीवरून काकांच्या अंगणात उतरून बाहेर जात. बायकोचा गुडघा अधू होता, तिला भिंत चढणे शक्य नव्हते. ती दिवसभर आत. शिवणयंत्राचा आवाज बाहेर जाईल म्हणून शिवणही बंद झाले. घरात येणारे दोन पैसे होते, तेही असे त्याने स्वतःच्या हाताने थांबवले. मला इतका राग यायचा, पण कुलपाला तोंड कुठे असते?

बँकेच्या बाई आल्या. मला पाहून त्यांनी काकांना विचारले. काकांनी पढवलेले उत्तर दिले.

"आले की सांगा, बँकेत येऊन भेटा म्हणावं," बाई म्हणाल्या. "मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो. वरची खोली भाड्यानं द्यायलाही आमची हरकत नाही. पण माणूस समोर तर यायला हवा ना!"

काकांनी संध्याकाळी शब्दन्‌शब्द सांगितला. बायको म्हणाली, "अहो, जाऊन तर येऊ. खाणार आहेत का आपल्याला?"

"गोड बोलून सही घेतील आणि हाकलतील," फोरमन म्हणाला. "तुला नाही कळायचं."

बाई पुन्हा आल्या आणि पुन्हा मला पाहून परत गेल्या. शेवटच्या वेळी आल्या तेव्हा फोरमन भिंतीवरून कामाच्या शोधात गेला होता, मुलगी शाळेत होती. घरात बायको एकटी. बाईंनी माझ्याकडे पाहून कपाळावरचा घाम पुसला. गल्लीतल्या दोन-तीन खिडक्या हळूच उघडल्या.

"काका, आज शेवटचा दिवस आहे हो," त्या म्हणाल्या. "त्यांनी गिऱ्हाईक आणलं तर कमी भावात विकायची परवानगी मी मिळवून देऊ शकते. राहिलेल्या कर्जातलं काही बँक सोडेल, काही थोडं थोडं फेडता येईल. पण आज अर्ज आला नाही, तर फाइल जप्तीकडे जाते. मग माझ्या हातात काही नाही."

तेवढ्यात मी किंचित हललो. आतून तिने दाराला तळवा टेकला होता. बाईंनी चमकून माझ्याकडे पाहिले. "आत कुणी आहे का?"

आतून दारावर एक थाप पुरली असती, मित्रांनो. पण तिने दार वाजवले असते तर गल्लीदेखत काका खोटे पडले असते आणि आपण उंदरासारखे बिळात बसलो होतो हे चार लोकांना कळले असते. तिने श्वाससुद्धा घेतला नाही. काका मान खाली घालून उभे राहिले. बाई थोडे थांबल्या आणि स्कूटर सुरू करून निघून गेल्या.

स्कूटरचा आवाज विरला आणि मग दार धडधडू लागले. "काका, उघडा! काका, अहो उघडा!" घाईघाईत काकांची किल्ली भोकात जाईना. मी निघालो तशी तिने मला काकांच्या हातातून ओढून घेतले आणि तशीच लंगडत निघाली. रिक्षाला पैसे नव्हते. मला दोन्ही हातांत घट्ट धरून ती बँकेपर्यंत चालत गेली. माझ्या पितळेला तिच्या घामाचा ओलावा लागत होता.

बँकेचे शटर अर्धे खाली आले होते. ती वाकून आत शिरली आणि तिने मला बाईंच्या टेबलावर ठेवले. बाईंनी मला लगेच ओळखले.

"मी तुमच्या दारात उभी होते," त्या म्हणाल्या.

"मी आत होते," ती म्हणाली.

मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, फाइल आत्ताच गेली हो. एकदा वाजवायचं तरी होतंत!" त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. तिने तो घेतला नाही.

पुढचे काय सांगू! घराचा लिलाव झाला. दारावर बँकेचे कुलूप लागले, लाखेची मोहर लावलेले, कालचे पोर. घर मातीमोलाने गेले आणि कर्ज उरले ते उरलेच. आता फोरमन एका गोदामावर पहारा करतो. सोडवू पाहणाऱ्यालाच त्याने शत्रू समजले, हे त्याला आज कळते. बैल गेला आणि झोपा केला, दुसरे काय?

मला त्यांनी बरोबर आणले, पण आता कोणी लावत नाही. तेलही घालत नाही. माझ्या अंगावर हिरवट डाग चढले आहेत. कोणी दार वाजवले, साधा दूधवाला जरी असला, तरी फोरमन आजही हातातला घास हातात धरून गप्प बसतो. आणि ती, गुडघा दुखत असला तरी, दुसरी थाप पडायच्या आत जाऊन दार उघडते.

मित्रांनो, जमले तर मला थोडे तेल द्या, जुन्या वस्तूला तेवढे पुरते. पण त्याहून एक मोठे मागणे आहे. चोरासाठी कुलूप खुशाल लावा. घरात माणूस असताना मात्र बाहेरून लावू नका. मला आतून उघडता येत नाही.