दसऱ्याच्या पाटावरचा जॅक

मी एक जुना जॅक आहे. चाक बदलताना गाडी उचलून धरतो, तोच. बुटका, जाड मानेचा आणि लोकांच्या मते जरा तिरसट. मित्रांनो, जन्मभर दुसऱ्यांची ओझी डोक्यावर घेतली असती, तर तुम्हीही गोड बोलला नसता.

भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. इंद्रजीतने कॉलेजात असताना मला विकत घेतले. पुढे तो इंजिनिअर झाला आणि हिंजवडीच्या एका कंपनीत संगणकावर गिअरबॉक्स आखू लागला. स्वतःची गाडी मात्र तिथल्या वाहतूककोंडीत रोज पहिल्या गिअरमध्ये रडतखडत न्यायचा. शेवटी वैतागून त्याने नोकरी सोडली आणि नारायण पेठेतल्या घराखाली शर्यतीच्या गाड्यांची टीम काढली.

"लोकांना काय सांगू?" त्याच्या आईने, श्यामलाबाईंनी विचारले.

"रेसिंग टीमचा मालक आहे म्हणून सांग."

"म्हणजे गॅरेजच ना?"

सुरुवातीची वर्षे माझी होती. "हा आहे म्हणून टीम आहे," असे इंद्रजीत सांगायचा आणि मी फुगून जायचो. मग एक परदेशी जॅक आला. लाल, हलका, चकचकीत. मी टीमच्या टेम्पोत, रिकाम्या डब्यांमागे जाऊन पडलो. कोणी तेलाचा थेंबही घालीना. फार वाईट वाटले.

यंदा ऐन दसऱ्याला शर्यत आली, हिंजवडीच्या पलीकडच्या माळावर. गाडीच्या बॉनेटवर आप्पासाहेबांचे नाव होते. ते मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी आणि टीमचे एकमेव आधार. त्यांनी बजावले होते, "गाडी शेवटपर्यंत पोचली तर पुढेही मी आहे. नाहीतर राम राम." म्हणजे गाडी अडली की टीम बंद आणि इंद्रजीत पुन्हा हिंजवडीच्या खुर्चीत.

आदल्या संध्याकाळी श्यामलाबाईंनी दसऱ्याच्या पूजेसाठी मला टेम्पोतून काढले. घरातले सर्वांत जुने हत्यार मीच. कोणाला सांगायचे त्यांच्या ध्यानातच आले नाही. सकाळी टीम निघून गेली आणि मी हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पाटावर बसलो. खरे सांगतो, छान वाटत होते.

दुपारी फोन वाजला.

"आई, जुना जॅक कुठंय? नव्यानं सगळं तेल ओकलंय. चाकं बदलायचीत!"

"पूजेत आहे. पूजेतलं हत्यार आज हलवत नाहीत. दुसऱ्या कोणाचा माग."

"सगळ्यांचे त्यांच्या त्यांच्या गाड्यांखाली आहेत. अगं, दुपारच्या थांब्यात चाकं बदलली नाहीत तर गाडी बाद!"

फोन ठेवून त्या माझ्याकडे बघत बसल्या. त्यांनी नुसते बसून राहायचे होते; मुलगा आपोआप नोकरीला लागला असता. मला भीती वाटली.

"ऊठ रे बाबा," त्या मला म्हणाल्या आणि पाटासकट उचलले.

"हिंजवडी? तिकडून रिकामं यावं लागतं," रिक्षावाला म्हणाला.

"अहो, मांडीवर देव आहे."

त्याने मला नमस्कार केला आणि मीटर टाकला. सुट्टीमुळे हिंजवडीचा रस्ता चक्क मोकळा होता.

माळावर इंद्रजीत धावत आला.

"हात लावू नकोस! आधी उत्तरपूजा."

वेळ संपत आली होती. गाडी चालवणारी पायल हेल्मेट काढून हात जोडून उभी राहिली. श्यामलाबाईंनी माझ्यावर अक्षता टाकल्या. "आता उचल."

मी कुरकुरलो, पण गाडी उचलली. चाके बदलली. पायल शेवटून दुसरी आली, पण आली! आप्पासाहेबांनी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

शर्यत बघायला थांबलेल्या रिक्षावाल्याने विचारले, "यातलं तुमचं कोण, मावशी?"

श्यामलाबाईंनी पदर सारखा केला. "तो. रेसिंग टीमचा मालक."

मला रडू आले असते, पण तेवढे तेल अंगात नव्हते.

आता इंद्रजीत नेमाने तेल घालतो. मित्रांनो, हत्यारांना हळदकुंकू जरूर वाहा, पण वर्षभर तेलपाणीही बघा. आणि पुढच्या दसऱ्याला मला खुशाल पाटावर बसवा. फक्त आधी इंद्रजीतला विचारा, शर्यत कधी आहे.