मूळवंशाचा विडा

रंकाळ्यापलीकडच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी लग्न नव्हतं, तरी चपला रस्त्यापर्यंत आल्या होत्या. आत मूळमहाराज माणसाचा उगम दाखवत होते. त्यांच्यासमोर ताटात लिंबं होती आणि परातीत ओली पिवळी माती.

"ही आदिमाती!" महाराज माइकवर गरजले. "शाळेत शिकिवत्यात, माणूस आफ्रिकेत जन्मला आन् चालत चालत हिकडं आला. साफ खोटं! पहिला माणूस गगनबावड्याच्या गुहेत जन्मला, हितनंच जगभर गेला. त्यो निजायचा ती ही माती. मूळवंशाच्या हातावर ती तांबडी हुती. मागनं आलेल्या उपऱ्याच्या हातावर पिवळीच ऱ्हाती!"

मातीला हळदीचा वास येत होता. मी तसं म्हटलं, तर शेजारची बाई म्हणाली, "येणारच की. हळदबी आदिपुरुषाबरोबरच जन्मली, मघाशीच सांगितलं म्हाराजांनी."

मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या ठिकाणी मी एरवी फिरकत नाही. पण माझ्या लेकीचं, अवंतिकाचं, जयसिंगपूरच्या उन्मेषशी लग्न ठरत आलं होतं आणि त्याच्या आई, आक्का, या महाराजांच्या भक्त. "आधी हात दाखवा, मग सुपारी फोडू," असा त्यांचा निरोप आला. यांची कारखान्यात पाळी होती, म्हणून मी अवंतिकाला घेऊन आले होते; सोबत माझे थोरले दीर दादा, जाऊबाई भैरवी आणि त्यांची लेक नंदिनी आली होती.

दारातच माझ्या पोटात दुखायला लागलं. महाराजांचा शिष्य बाबासो प्रत्येक कुटुंबातल्या थोरल्या घराला मानाचा विडा देत होता. भैरवीच्या उजव्या तळव्यावर विडा, नंदिनीच्या तळव्यावर विडा. आम्हा धाकट्यांना नुसता नमस्कार. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच बघते आहे. जत्रेतला पहिला नारळ भैरवीचा, पहिली ओटी भैरवीची. आज तर लग्न माझ्या लेकीचं होतं, तरी मान तिलाच!

रांग सरकली. भैरवीने विडा डाव्या हातात घेऊन उजवा पुढे केला. महाराजांनी माती लावली आणि बघता बघता तळवा कुंकवासारखा झाला. "मूळवंश!" लोक ओरडले. नंदिनीचाही तसाच झाला. मग अवंतिकाने हात पुढे केला. तो पिवळाच राहिला. माझाही पिवळाच.

पुढच्या रांगेत उन्मेषशेजारी बसलेल्या आक्कांचं तोंड आंबट झालं. "उपऱ्या घरची पोरगी आमच्यात कशी आणायची?" म्हणत त्यांनी नंदिनीला खालून वर न्याहाळलं. "हिचं कुठं ठरलंय का वो?"

"न्हाय की अजून," भैरवी गोड हसली.

अवंतिकाने उन्मेषकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

एकाच आजोबांच्या दोन नाती, एक मूळची आणि एक उपरी! हे कसं, असं कुणीही विचारलं नाही. खोटं कशाला सांगू, मीही नाही विचारलं. मी जळत होते. मला फक्त तो विडा दिसत होता. भैरवी तो खुर्चीवर ठेवून आक्कांच्या पाया पडायला वाकली, तसा मी उचलला. म्हटलं, निदान खाऊन तरी टाकावा.

तोंडाशी नेताना नजर हातावर गेली. विड्याखालचा माझा पिवळा तळवा तांबडा झाला होता.

विडा उलटा करून पाहिला, तर पानाला बाहेरून चुना फासलेला. चुना विड्याच्या आत असतो. इतकी वर्षं दुसरीच्या विड्याकडे टक लावून बसलेल्या बाईला एवढं तर कळतंच. आणि हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे मी दरवर्षी वर्गात हळदीच्या कागदावर दाखवते.

"दादा, तुमची चुन्याची डबी द्या."

"आत्ता? तंबाकू खातीस काय गं?"

"द्या की!"

अवंतिकाला ओढतच मी व्यासपीठावर नेलं आणि सगळ्यांसमोर तिच्या तळव्यावर चुना चोळला. हात तांबडा झाला. महाराज जराही गडबडले नाहीत. "बघा! हिचा मूळवंश उशिरा जागा झाला!"

मग मी त्यांच्याच ताटातलं लिंबू कापलं. पिळायला हात कुणाचाही चालला असता. मी जाऊबाईंचाच धरला, आणि जोरही जरा जास्तच लावला. तांबडा तळवा पिवळा झाला.

"अवो म्हाराज," मागून कुणीतरी ओरडलं, "आदिपुरुष लिंबात इरघळला की वो!"

हॉल हसला. बाबासो हात पाठीमागे लपवत होता. लोकांनी ते पुढे ओढले. बोटं चुन्याने पांढरी झाली होती. महाराजांना एकाएकी समाधीची वेळ आठवली.

मी माइक घेतला. "पहिली माणसं आफ्रिकेतच जन्मली. त्यांची लेकरं पिढ्यान्‌पिढ्या चालत, समुद्राचे काठ धरत इथवर आली. जुनी हाडं हे सांगतात, आपलं रक्तही सांगतं. कुणी आधी आलं, कुणी मागनं. हितं उगवलेलं कुणीच न्हाय. आपण सगळीच पावणं!"

आक्का लगबगीने पुढे आल्या. "झालं गेलं सोडा. अवंतिकाच आमची सून!"

मी आधी भैरवीचं तोंड बघितलं. उतरलं होतं. काय गार वाटलं म्हणून सांगू! मी हो म्हणणार, एवढ्यात अवंतिका उन्मेषसमोर जाऊन उभी राहिली.

"माझा हात पिवळा निघाला तवा तुम्ही मान वर केली न्हाईसा. आता तांबडा झाला म्हणून बघू नका."

"आन् माझ्याकडंबी नको," नंदिनी तिच्याशेजारी येऊन म्हणाली.

दोघी नळावर गेल्या. साबणाने हळद आणखीच लाल होते. ते बघून दोघी खिदळत सुटल्या. मी आणि भैरवी मागे उभ्या होतो, हातात हात न घालता.

तुम्हाला एवढंच सांगते. कुणी तुमच्या हातावर वंश काढून दाखवायला लागला, तर आधी विचारा, काय लावतोस? आणि तुमचा हात तांबडा, शेजारणीचा पिवळा निघाला, तर फुलून जाऊ नका. तुमची हीच हौस बघून तो माती कालवून बसलेला असतो.